भुऱ्याचा जबडा : कामाच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये प्रत्येक जॉबला कार्ड असतं. काय आलं, काय बिघडलंय, कोणी हात लावला, माप किती. आजपासून आमच्या सशाचं, भुऱ्याचंही कार्ड. घरात चार माणसं आणि चौघांचं म्हणणं वेगळं: आई म्हणते कालपासून तोंडाला काही लावलं नाही, बायको म्हणते सकाळी मेथी खाल्ली, धाकटी बहीण म्हणते त्याला फक्त राग आलाय. लिहून ठेवलं की निदान भांडण कमी होईल.

स्थिती: खालच्या जबड्याच्या डाव्या कडेला टणक गाठ. व्हर्नियर (मापाचं कॅलिपर) लावून पाहिला, ९ मिमीच्या आसपास. हनुवटी ओली, लाळेने केस चिकटलेले. गाजर तोंडात घेतो, एकदोनदा चावतो आणि टाकून देतो. वजन १ किलो ८४० ग्रॅम. ताईकडून निपाणीहून आला तेव्हा दोन किलोच्या वर होता. ताईचं बिऱ्हाड पुण्याला फ्लॅटमध्ये गेलं आणि हे महाराज बेळगावच्या शहापूर भागात आमच्याकडे आले. वय चारच्या पुढे. तिकडचा खुराक चपाती, मारी बिस्कीट आणि गाजर.

२४ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरबाईंकडे. बाई बैलहोंगल भागातल्या, मराठी-कानडी मिसळून बोलतात. दिवसभर म्हशी आणि कुत्री. ससा क्वचितच येतो, असं पहिल्याच वाक्यात सांगितलं. मला ते आवडलं.

मी गाठ दाखवायला गेलो तर म्हणाल्या, "गाठीचं नंतर बघू हो. आधी सांगा, काल लेंड्या किती पडल्या?"

ते मोजलंच नव्हतं. मग बाईंनी समजावलं. सशाचं आतडं सतत चालू राहिलं पाहिजे. त्याला उलटी करता येत नाही. बारा तास काही पोटात गेलं नाही तर आतडं मंदावतं, आत वायू धरतो, लिव्हरवर चरबी चढते, आणि मूळ दुखणं बाजूला राहून ससा त्यानेच जातो. म्हणून इन्फेक्शन कितीही मोठं असलं तरी पहिला नंबर खाण्याचा.

दातांचं असं: सशाला २८ दात, आणि सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिमी. तासन्‌तास गवत चघळलं तरच ते झिजतात. चपाती-बिस्किटाने काय झिजणार? मग दाढा उंच होतात, वर जागा संपली की मूळ उलटं हाडात घुसतं. कान तपासायची नळी तोंडात घालून बाईंनी दाढा पाहिल्या. डावीकडे खालच्या दाढेला जिभेच्या बाजूने टोक आलंय.

आजपासून कार्डावर रोज दोन वेळा: वजन, लेंड्या, खाल्लेलं.

२७ सप्टेंबर

हलकी गुंगी देऊन एक्स-रे. डाव्या बाजूच्या खालच्या दुसऱ्या दाढेचं मूळ जबड्याच्या खालच्या कडेतून बाहेर आलेलं. भोवती हाड विरघळून काळा डाग.

मग बाईंनी गाठीत सुई घातली. दट्ट्या मागे ओढला, काहीच येईना. जाड सुई घेतली, तेव्हा टोकाला जे आलं ते पाहून मी म्हटलं हा तर चक्का. फडक्यात बांधून रात्रभर टांगलेल्या दह्यासारखा, पांढरा, घट्ट, पाणी म्हणून नाही. आपल्या पुवात पांढऱ्या पेशींची विकरं (एन्झाइम) आजूबाजूचं सगळं विरघळवतात म्हणून तो वाहतो. सशाच्या त्या पेशींत तसली विकरं फार कमी, म्हणून त्याचा पू घट्टच राहतो आणि भोवती जाड पिशवी तयार होते. चिरा देऊन पिळला तर पिशवी आत तशीच राहते आणि पुन्हा भरते. गोळ्या दिल्या तर औषध रक्तातून पिशवीच्या आत नीट पोचत नाही. म्हणजे पिशवीसकट आणि खराब दाढेसकट काढणं हाच उपाय. पण आज नाही. आधी वजन सावरायचं.

सुरू: अँटिबायोटिक म्हणून एन्रोफ्लॉक्सॅसिन, दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम. मात्रा बाईंनी वजनावरून काढून दिली आहे. ती इथे मुद्दाम लिहीत नाही. ही वही उद्या कोणीतरी वाचेल आणि आपल्या सशाला तेवढंच पाजेल.

२८ सप्टेंबर

शेजारच्या काकू नातवाचं उरलेलं गुलाबी सिरप घेऊन आल्या. "अँटिबायोटिकच आहे की रे, दोन थेंब घाल." बाटलीवर अमॉक्सिसिलिन. बाईंना फोन केला, त्या फोनवर जवळजवळ ओरडल्याच. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं, तशीच क्लिंडामायसिन आणि लिन्कोमायसिन, सशाला तोंडावाटे दिली तर अंधांत्रातले (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतले) कामाचे जंतू मरतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम माजतो आणि त्याच्या विषाने जुलाब लागून ससा दगावतो. मांजराला, पोराला चालतं म्हणून सशाला चालेल असं नाही.

काकूंना चहा दिला. बाटली आमच्या फ्रीजमध्ये राहू नये म्हणून त्यांच्याकडेच परत दिली.

३ ऑक्टोबर, गुरुवार (घटस्थापना)

पुवाच्या कल्चरचा (जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा) रिपोर्ट आला: "वाढ नाही." मी खूश. बाई नाहीत. म्हणाल्या, पुवाच्या मधल्या भागात बहुतेकदा जिवंत जंतू नसतातच, ते पिशवीच्या भिंतीत असतात. शिवाय दातांच्या मुळाशी बसणारे पुष्कळ जंतू हवेत जगतच नाहीत. साध्या कल्चरमध्ये ते दिसणार कसे? त्यासाठी नमुना वेगळ्या तऱ्हेने घ्यावा लागतो, पाठवावा लागतो, आणि तशी सोय सगळ्या लॅबमध्ये नसते. नुसतं एन्रोफ्लॉक्सॅसिन अशा जंतूंवर लंगडं पडतं.

नेटवर जिथे बघावं तिथे सशाच्या इन्फेक्शनचा एकच आरोपी सापडतो: पाश्चुरेला मल्टोसिडा. लुई पाश्चरच्या नावावरून आलेला हा जंतू अनेक धडधाकट सशांच्या नाकात गुपचूप बसलेला असतो आणि ताण पडला, अंगातली ताकद घटली की शिंका, डोळ्यांतून पाणी, कानात पू असं काहीबाही सुरू करतो. भुऱ्याला शिंका नाहीत, पुढच्या पायांचे केस नाक पुसून चिकट झालेले नाहीत. बाईंच्या मते हा मामला नाकाचा नाही, दाढेचा. तरी हात धुण्याचा नियम केला आहे. आईला साखर आहे आणि पाश्चुरेला चाव्यातून, ओरखड्यातून माणसालाही त्रास देतो. आईने भुऱ्याला हातमोज्याशिवाय धरायचं नाही. ती ऐकेल असं वाटत नाही.

औषध बदललं. मेट्रोनिडॅझोल तोंडावाटे, आणि एक दिवसाआड बेंझाथिन पेनिसिलिन कातडीखाली टोचून. हो, तेच पेनिसिलिन. पोटात गेलं तर जिवावर, कातडीखाली दिलं तर कामाचं. आतड्यातल्या जंतूंशी त्याची थेट गाठ पडत नाही म्हणून. तरी लेंड्या पातळ झाल्या की त्याच क्षणी फोन, असं बजावलंय.

६ ऑक्टोबर, रविवार

वजन १७६०. उतरतंय. आज दिवसभर भरवण्याचं टूलिंग.

सशाच्या आजारपणात देतात ती तयार भुकटी बेळगावात मिळाली नाही, कुरिअरने मागवली आहे. तोवर गवताच्या पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरला लावून, चहाच्या गाळणीने गाळून. पाच मिलीच्या सिरिंजचं तोंड त्यासाठी फार बारीक, तंतू अडकतात आणि जोर लावला की सगळं एकदम तोंडात जातं. श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया, म्हणजे दुसरंच इन्फेक्शन. म्हणून सिरिंजचं नाक हॅकसॉने कापलं. कापलेली कड हाताला लागते. ती आधी बारीक कानशीने गोल केली, मग झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने ओल्या हाताने घासली, आणि शेवटी माझ्याच हिरडीवरून फिरवून पाहिली. बायकोने हे बघितलं. तिचं मत इथे लिहीत नाही.

धरायची पद्धत: टॉवेलमध्ये गुंडाळायचा, पाय खाली टेकलेले, उताणा कधीच नाही. सिरिंज उजव्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागच्या मोकळ्या जागेतून. एका वेळी अर्धा मिली. चघळतोय का ते बघायचं, गिळला की पुढचा. पहिल्यांदा सगळ्या भिंतीवर उडालं. संध्याकाळपर्यंत धाकटीचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला, भरवण्याचं खातं तिच्याकडे.

लेंडीचं माप: निरोगी दिवसांतली धाकटीने काडेपेटीत जपून ठेवलेली निघाली (का ठेवली होती, विचारलं नाही). ती १० मिमी. आजची ६ मिमी, टोकदार आणि काळपट. लेंडी बारीक झाली म्हणजे आतडं मंद. वजनाच्या आधी हा आकडा हलतो, त्यामुळे मला वजनापेक्षा याचाच भरवसा जास्त.

सल्ले देणारे बरेच. लसूणघास घाला म्हणाले. मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. कोंडा, भिजवलेली डाळ, दूधभात: नको. दारच्या कुंडीतली हरळी मात्र तो आजही स्वतःहून ओढतो. गणपती गेल्यावरही फुलवालीकडे दूर्वा मिळतात, तिला रोजची जुडी सांगितली आहे. धुऊन, पाणी निथळून द्यायच्या.

१२ ऑक्टोबर, दसरा

लेथ, ड्रिल, वजनकाटा, सगळ्यांना झेंडू. लेंडी ८ मिमी.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कोल्हापूर. गॅसची भूल देणारे आणि सशाचा हात असलेले सर्जन बाईंच्या ओळखीने तिथे मिळाले. काल कोजागरी, घरात मसाला दूध. मी लवकर झोपलो. उन्हाच्या आत पोचायचं म्हणून पहाटे निघालो. सशाला घाम येत नाही, गरम गाडीत तो उष्माघाताने जातो. कोगनोळी नाका ओलांडला तेव्हा नुकतं उजाडत होतं. पेटीत टॉवेल, गवत आणि त्याच्या पिंजऱ्यातलंच वासाचं फडकं.

तिथल्या पोऱ्याने विचारलं, "रात्रीपासून उपाशी ठेवलाय ना?" कुत्र्याला ठेवतात तसा. सर्जन आतूनच म्हणाले, "ससा आहे रे तो, त्याला उपाशी ठेवायचं नसतं." उलटी होतच नाही, मग पोट रिकामं ठेवून आतडं कशाला बंद पाडायचं? तोंडात उरलेलं गवत तेवढं पुसून घेतलं. जाताना वजन १८१५, म्हणजे धाकटीने कमावलेले ५५ ग्रॅम.

पिशवी अख्खी सुटली, फुटली नाही. दाढ निघाली, मूळ वाकडं आणि तपकिरी. खालचं मऊ पडलेलं हाड खरवडलं. जखम शिवून बंद केली नाही, कडा कातडीला टाचून मुद्दाम उघडी ठेवली, म्हणजे आतून भरत येईल आणि रोज धुता येईल. पिशवीच्या भिंतीचा तुकडा पुन्हा कल्चरला, यावेळी हवा न लागता पाठवायच्या बाटलीत.

शुद्धीवर आल्यावर तासाभराने एक दूर्वा ओढली. सर्जनांनी त्याचं नाव विचारलं तेव्हा मी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. का कोण जाणे.

२० ऑक्टोबर

१७३५. दात खातोय, म्हणजे दुखतंय. मेलॉक्सिकॅमची वेळ चुकवायची नाही. दुखलं की खात नाही, खाल्लं नाही की आतडं बसतं.

जखम धुणं माझ्याकडे. सलाइन कोमट करून सिरिंजने, मग भोक किती खोल राहिलंय ते निर्जंतुक काडीने मापायचं. आज ११ मिमी. आत गुलाबी दाणेदार मांस दिसतंय, ते चांगलं. पांढरं काही दिसलं की तो चक्का परत जमतोय असं समजायचं आणि त्याच दिवशी काढायचं.

२३ ऑक्टोबर

भिंतीच्या तुकड्यात जंतू उगवले: हवेत न जगणारे, वर स्ट्रेप्टोकोकसच्या जातीतले. पाश्चुरेला नाही. पेनिसिलिन चालतंय, मेट्रोनिडॅझोल चालू ठेवा. बाईंनी फोनवर "बघा" एवढंच म्हटलं.

२६ ऑक्टोबर

मामा खानापूरहून आले, जंगलातल्या मधाची बाटली घेऊन. जखमेत मध भरतात हे त्यांना ठाऊक होतं आणि ते खरंही आहे. घट्ट मधात जंतू वाढत नाहीत, जखम ओलसर राहते. पण बाईंनी कच्चा मध उघड्या हाडाजवळ घालायला नाही म्हटलं. त्यात क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू असू शकतात. जखमेसाठी किरणांनी निर्जंतुक केलेला मध नळीत मिळतो, तो आणला. मामांना थोडं लागलं. "आमचा मध पोळ्यातून डायरेक्ट असतोय," म्हणाले. ती बाटली आम्ही भाकरीबरोबर संपवतोय.

२९ ऑक्टोबर

पेनिसिलिन, सुया, सलाइन, मेलॉक्सिकॅम सगळं आजच भरून ठेवलं. यंदा एक नोव्हेंबर म्हणजे सकाळी मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी, संध्याकाळी कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि रात्री लक्ष्मीपूजनाचे फटाके, तिन्ही एकाच दिवशी. त्या दिवशी कुठलं दुकान उघडं आणि कुठला रस्ता बंद, कोण सांगणार?

१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल नरकचतुर्दशीच्या पहाटे गल्लीत माळ लागली तेव्हापासून भुऱ्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात. दुपारपासून लेंडी नाही. सकाळी कान गार. तापमान ३७.८. सशाचं ३८.५ ते ४० हवं. त्याला ताप येण्यापेक्षा अंग गार पडणं वाईट. वजन १६९०.

बाईंना फोन. पहिला प्रश्न: पोट टणक फुगलंय की मऊ? टणक असेल तर कुठेतरी अडकलंय, मग भरवायचं नाही, तसाच घेऊन या. हात लावून पाहिलं, मऊ. मग क्रमाने: गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून कुशीला, कोमट रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखं द्रव) मानेमागच्या कातडीखाली, बाईंनी शिकवलं होतं तसं, मेलॉक्सिकॅम, अंग गरम झाल्यावरच भरवणं, आधी नाही. गार सशाच्या पोटात ढकललेलं पुढे सरकत नाही.

आवाजाचं काय करायचं? खिडक्या लावल्या, गाद्या उभ्या केल्या. शहापूरच्या गल्लीत त्याचा काय उपयोग. शेवटी सुचलं ते असं: दिवाळीत सगळं उद्यमबाग बंद. शॉपमध्ये संध्याकाळी पूजा झाली, पोरांना मिठाई दिली, शटर खाली ओढलं आणि मी भुऱ्यासह ऑफिसच्या खोलीतच राहिलो. बायको डबा देऊन गेली, धाकटी सिरिंज घेऊन थांबली. लांबून आवाज येत होता, पण दणका नाही. टेबलावर इन्स्पेक्शनचा दिवा, त्याखाली टॉवेल. दर दोन तासांनी पाच-सहा मिली आणि पोटाला हलक्या हाताने चोळणं.

पहाटे चारच्या सुमारास पहिली लेंडी. धाकटीने व्हर्नियर मागितला. ५ मिमी, दोन लेंड्या केसाने जोडलेल्या. एरवी ते वाईट लक्षण, आज आम्हाला चालली.

२ नोव्हेंबर, पाडवा

गवळ्यांच्या म्हशी पळवायला निघाल्या. आम्ही गेलो नाही, झोपलो. संध्याकाळी लेंडी ७ मिमी. अंग ३८.७.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

ताई आणि भाची पुण्याहून. भाची पिंजऱ्यापाशी बसून राहिली. ताईने बॅगेतून बिस्किटाचा पुडा काढला, "त्याला आवडतंय की." धाकटीने तो काढून घेतला आणि जबड्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून मोठ्या बहिणीला दाखवला, दाढ कुठून बाहेर आली होती ते बोटाने. ताई काही बोलली नाही. चहाबरोबर पुडा आम्हीच खाल्ला.

१० नोव्हेंबर

१७८०. भोक ४ मिमी. भरवणं दिवसातून दोनदाच, बाकी स्वतः खातो.

५ डिसेंबर, गुरुवार

कोल्हापूरला तपासणी. पुढच्या आठवड्यात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, नाक्यावर बंदोबस्त असणार, म्हणून आधीच उरकलं. जखम बंद, वर केस येतायत. एक्स-रेत हाडाची काळी जागा भरत आलीय. वजन १९०५. पेनिसिलिन आणखी काही आठवडे, कारण हाडातलं इन्फेक्शन वरून बरं दिसलं म्हणून आतून संपलेलं नसतं.

मी विचारलं, बरा झाला म्हणायचं का? सर्जन म्हणाले, "शांत आहे म्हणा." खालची दाढ गेल्यामुळे तिच्यासमोरची वरची दाढ आता कशावरच झिजणार नाही, ती दर काही आठवड्यांनी तासावी लागणार, आयुष्यभर. बाकीच्या दाढाही सरळ नाहीत. दुसरीकडे गाठ येऊ शकते, म्हणून दर रविवारी दोन्ही जबडे बोटाने चाचपायचे, कडेकडेने, मागून पुढे.

२२ डिसेंबर, रविवार

चाचपलं. उजवा साफ, डावा साफ, जुन्या जागी व्रण. लेंडी १० मिमी. पेनिसिलिनचा शेवटचा डोस झाला. कार्ड बंद करत नाही, दाढ तासायची पुढची तारीख १६ जानेवारी. त्याआधी गवताची ऑर्डर टाकायची, यावेळी दुसरीकडून. मागच्या पोत्यात तळाला नुसती धूळ होती.